पश्चिम दाराचे राखणदार

अंडाकृती, चांदीचे, छातीवर मिरवण्याजोगे मोठे पदक. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन एका आदिवासी सरदारासोबत शांततेची चिलीम ओढण्याच्या बेतात आहेत. 1792 मध्ये वॉशिंग्टन यांनी हे पदक सेनेका वक्ता रेड जॅकेट याला दिले. पुढे ते ईली पार्कर या सेनेका सरदाराकडे आले. पार्करने कायद्याचा अभ्यास केला होता, पण अमेरिकेचा नागरिक नसल्याने त्याला वकिलीची परवानगी नाकारली गेली. तो इंजिनिअर झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात 1865 मध्ये अॅपोमॅटॉक्स येथे दक्षिणेच्या सैन्याने शरणागती पत्करली, तेव्हा त्या अटींची अंतिम प्रत त्याच्याच हातची होती. त्याच्या पश्चात पदक बफेलोच्या संग्रहालयात गेले आणि शतकाहून अधिक काळ तिथेच राहिले. 2021 मध्ये ते सेनेकांना परत मिळाले.

पदक परत घ्यायला सेनेका आज आहेत, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. हौदेनोसौनी, म्हणजे इरोक्वॉइ राष्ट्रसंघातले हे पश्चिमेकडचे राष्ट्र. संघाच्या पश्चिम दाराची राखण त्यांच्याकडे. त्यांच्याबद्दल बोलताना क्रियापद भूतकाळी वापरायची सवय जुनी आहे, आणि ती चुकीची आहे. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात अॅलेगनी, कॅटरॉगस आणि टोनावांडा इथे ते आजही स्वतःच्या जमिनीवर राहतात. एक शाखा ओक्लाहोमात आहे.

ही जमीन त्यांच्याकडे राहिली ती मोठ्या चिवटपणाने. 1779 मध्ये जनरल सलिव्हनच्या अमेरिकी फौजेने त्यांची गावे आणि उभी पिके जाळली. 11 नोव्हेंबर 1794 रोजी कॅननडेग्वा येथे करार झाला: सेनेकांची जमीन त्यांचीच राहील, अमेरिका तिच्यावर कधी दावा सांगणार नाही. दर वर्षी 4,500 डॉलरचा माल देण्याचेही ठरले. त्यापोटी आजही कापड येते. आकडा तोच राहिल्याने ते थोडेच येते, पण ते येत राहावे असा सेनेकांचा आग्रह आहे, कारण कापड येते तोवर करार जिवंत आहे. 1838 मध्ये सरदारांना लाच देऊन, दमदाटी करून एका कंपनीच्या घशात सगळी जमीन घालण्याचा घाट घातला गेला. 1842 मध्ये अॅलेगनी आणि कॅटरॉगस परत मिळाले, टोनावांडाच्या लोकांनी तर 1857 मध्ये आपलीच जमीन पैसे मोजून विकत घेतली.

सर्वांत खोल घाव मात्र विसाव्या शतकातला. पिट्सबर्गला पुरापासून वाचवण्यासाठी पेनसिल्व्हेनियात अॅलेगनी नदीवर किंझुआ धरण बांधायचे ठरले, आणि जलाशयाचे पाणी चढणार होते सेनेकांच्या जमिनीवर. ते कोर्टात गेले, हरले. आर्थर मॉर्गन या नामवंत इंजिनिअरने पाणी दुसरीकडे वळवण्याचा पर्याय मांडला, तोही नाकारला गेला. राष्ट्राध्यक्ष केनेडींकडे दाद मागितली, तर 1961 मध्ये त्यांनी काम थांबवता येणार नाही असे कळवले. सुमारे 10,000 एकर जमीन गेली आणि 600च्या आसपास माणसे धरणग्रस्त झाली. रिकामी घरे जाळली गेली. कबरी उकरून हलवल्या. त्यांत कॉर्नप्लँटरचीही होती: 1794च्या करारावर सही करणारा सरदार, त्याची कबर त्याच करारातला शब्द मोडणाऱ्या धरणापायी उचलावी लागली. यापेक्षा उघड विश्वासघात सापडणे कठीण.

नुकसानभरपाईच्या 1964च्या कायद्यात आणखी एक कलम होते. सेनेकांशी असलेले सरकारचे विशेष नाते संपवण्याची योजना आखा, असे ते सांगत होते. ते कधीच अमलात आले नाही. मिळालेल्या पैशातून सेनेकांनी मुलांच्या शिक्षणासाठी निधी उभारला. त्याच वर्षी सेनेका राष्ट्राच्या निवडणुकीत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. कूळ आईकडून चालणाऱ्या, सरदार निवडण्या-उतरवण्याचा अधिकार पूर्वापार कुळातल्या ज्येष्ठ स्त्रियांकडे असलेल्या या समाजात 1848च्या लिखित घटनेने मताचा हक्क फक्त पुरुषांना दिला होता.

पुढची लढाई भाड्याची होती. सॅलमँका हे शहर जवळजवळ सगळेच सेनेकांच्या जमिनीवर वसलेले. रेल्वेमुळे आलेल्या गोऱ्या वस्तीला 99 वर्षांचे पट्टे मिळाले होते, तेही किरकोळ भाड्यात. मुदत 1991 मध्ये संपणार म्हणताना घरमालकांचे धाबे दणाणले. सेनेका बधले नाहीत. नवे करार बाजारभावाने झाले आणि जुन्या अन्यायापोटी केंद्र व राज्य सरकारांनी मिळून 6 कोटी डॉलर दिले. 2002 पासून पुढे नायगारा फॉल्स, सॅलमँका आणि बफेलोत त्यांचे कॅसिनो आले. त्या उत्पन्नातल्या राज्याच्या वाट्यावरून वाद झडत राहिले.

मे 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल कॅटरॉगसला आल्या आणि थॉमस इंडियन स्कूलबद्दल त्यांनी राज्यातर्फे माफी मागितली. 1957 मध्ये बंद पडलेल्या त्या निवासी शाळेत मुलांना घरापासून, भाषेपासून तोडले जात असे. सेनेका भाषा अस्खलित बोलणारे आज फार थोडे उरले आहेत, त्याची मुळे अशा शाळांतही आहेत. अॅलेगनीतल्या फेथकीपर्स स्कूलमध्ये मुलांना ती पुन्हा शिकवली जाते.

भाषेसारखाच मकाही परत येतो आहे. व्हिक्टर गावाजवळच्या गानोंडागन या सेनेकांच्या जुन्या गावावर 1687 मध्ये फ्रेंच फौज चालून आली होती, तेव्हा तिथले मक्याचे प्रचंड साठे नष्ट झाले. तिथे आज सालींनी मढवलेले पूर्ण आकाराचे लाँगहाऊस उभे आहे, आणि जुन्या वाणाचा पांढरा मका पुन्हा हाताळला जातो. दाणे लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळायचे, टरफल सुटले की टोपलीत घोळून घोळून धुवायचे, मग वाळवायचे. तिथून हा मका आणि त्याचे पीठ पाकिटांत भरून विकायला जाते.