थंडीतला कोकणकिनारा

पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावात डिसेंबरच्या पहाटे उसाच्या फडावर दव साचते आणि शेकोटीशिवाय बसवत नाही. तेथून गणपतीपुळ्याला सहलीस निघणारे कुटुंब साहजिकच स्वेटर-शालींनी पिशव्या भरते, परंतु आंबा घाट उतरताच त्यांतील बहुतेक कपडे ओझे ठरतात. कारण असे, की पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते व सावकाशच निवते; त्यामुळे किनाऱ्यावरील रात्रीचा पारा पठारापेक्षा बराच वर राहतो, तर रत्नागिरीत दुपारी तो ३० अंशांच्या पुढेही जातो.

दिवसाचे खरे वेळापत्रक वारा ठरवतो. रात्री लवकर निवलेल्या जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळीही रेंगाळतात. ते कोरडे असल्याने ऊन चटके देते, आणि पुढे समुद्राकडून येणारे खारे वारे सुरू झाले, की उकाडा उतरतो. म्हणून लहान मुलांना व वृद्धांना सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर वाळूवर नेणे श्रेयस्कर. रात्री दोरीवर टाकलेला टॉवेल, जो करकंबच्या कोरड्या हवेत सहज वाळला असता, येथे सकाळी हाताला ओलसर आणि किंचित चिकट लागतो, हे दमटपणाचे साधे माप होय.

पाऊस सहसा नसतो. तथापि डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ चक्रीवादळामुळे किनाऱ्यावर पाऊस पडला होता, तेव्हा निघण्यापूर्वी हवामान विभागाचा अंदाज पाहावाच.