मोटारीच्या चाकांची सरळ चाल

बंडीचें चाक आंसावर डुगडुगूं लागलें, तर तें धुळींतल्या चाकोरीवरून शेतकऱ्यास तेव्हांच कळतें. मोटारीचें तसें नाहीं. डांबरी सडकेवर चाकोरी उमटत नाहीं. दोष असेल तो टायरच्या रबरावर लिहिला जातो.

मोटारीचीं पुढचीं चाकें समांतर, किंवा कारखान्यानें ठरविलेल्या अत्यल्प कलानें बसविलेलीं असतात. या बसणीस कारागीर अलाइनमेंट म्हणतात. भामरागडाकडे पावसाळ्यांत पर्लकोटेचें पाणी रस्त्यावर येतें. पाण्याखालीं दडलेल्या खड्ड्यांत चाक आदळलें, कीं स्टिअरिंगची दांडी किंचित् वांकूं शकते. डोळ्यांस तें दिसत नाहीं; पण हिशेब करून पाहावा. समांतर असावयाच्या चाकांतील अंतर ४०० मिलिमीटर व्यासाच्या रिंगेच्या पुढच्या व मागच्या कडांशीं मोजलें, आणि ३ मिलिमीटरांचा फरक निघाला, तर प्रत्येक चाक किलोमीटरमागें पावणेचार मीटर आडवें घासत जातें. चंद्रपूर ते गडचिरोली सुमारें ८० किलोमीटर. म्हणजे एका खेपेस ३०० मीटर! असा टायर कडेनें झिजून त्याच्या तारा उघड्या पडतात, आणि गाडी भरलेली असतां तो फुटण्याचें भय असतें. जंगलाच्या वळणावर सांबर आडवें आलें, तर चालकापाशीं क्षणाचाच अवधि असतो.

१९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांप्रमाणें प्रवासी गाड्यांस योग्यतेचा दाखला लागतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर आठ वर्षांपर्यंतच्या गाडीस तो दोन वर्षांसाठीं, पुढें एकेक वर्षासाठीं मिळतो. यांत्रिक तपासणी केंद्रांत चाक एका सरकत्या पाट्यावरून नेतात. चाक तिरपें असल्यास पाटा बाजूस सरकतो. परंतु दाखला मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं गाडी खड्ड्यांत जाऊं शकते, आणि दाखल्यास तें कळत नाहीं.

म्हणून मुलांची गाडी दारांत उभी असतां पालकांनीं चालकास विचारून टायर पाहावे, असें आम्ही सुचवितों. चांगला चालक रागावत नाहीं. तारा उघड्या दिसल्या तर हात न लावतां गाडी थांबवावी. एरवीं टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेनें गुळगुळीत व उलट दिशेनें करवतीसारखें लागलें, तर कल बिघडला आहे असें समजावें. गाडी एका अंगास ओढत असेल, तर प्रथम हवा तपासावी. कमीजास्त हवेचा दोष पुष्कळदां अलाइनमेंटवर ढकलला जातो.

मोठें यंत्र नसलेल्या गांवीं गाडीच्या दोन्हीं अंगांस दोरी ताणून माप घेण्याची जुनी रीत उपयोगी पडते. मात्र त्याआधीं स्टिअरिंगचे सांधे ढिले नाहींत, हें कारागिराकडून पाहून घ्यावें. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते.