भोसरी सुटली, चाकण लागलं

१९९४ साली भोसरीत कामाला लागलेल्या पोराला नातेवाईक पगार विचारत नसत. "परमनंट कधी करणार?" एवढंच विचारत. मी त्याच पिढीतला. मेकॅनिकलचा डिप्लोमा, वर्षभर अप्रेंटिस, मग गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत क्वालिटीला ट्रेनी. कन्फर्मेशनचं पत्र घरी आलं आणि आईनं त्याच आठवड्यात स्थळं बघायला घेतली. त्या कंपनीचा राजीनामा मी २०१६ मध्ये दिला आणि चाकणला नव्या कंपनीत रुजू झालो. आता तिथंही मला कोणी 'नवीन' म्हणत नाही, त्यामुळे मागं वळून बघताना राग येत नाही आणि उमाळाही येत नाही. हिशेब मांडायला ही वेळ बरी.

आमच्या पट्ट्यात एकाच कंपनीत लागायचं आणि तिथूनच रिटायर व्हायचं, ही रीत फार जुनी वाटते, पण तशी ती नाही. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये, एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. टेल्को, बजाज आणि त्यांच्या मागोमाग सुट्या भागांची शेकडो वर्कशॉप्स आली ती त्याच सुमाराला आणि त्यानंतर. म्हणजे आमच्या वडिलांची पिढी ही या रीतीची पहिलीच पिढी होती आणि बहुधा शेवटचीही. स्कूटर बुक करून वर्षानुवर्षं वाट बघणारी गिऱ्हाइकं होती म्हणून कारखान्याला काम होतं, काम होतं म्हणून परमनंट ऑर्डर निघत होत्या. "मुलगा टेल्कोत आहे" एवढ्यावर लग्नं ठरत. १९९१ च्या उदारीकरणानंतर हा पाया सरकला होता, पण १९९४ मध्ये गेटवर पंचिंग करणाऱ्या आम्हा पोरांना ते कोण सांगणार?

सरकलेला पाया डोळ्यांना दिसला तो पुढच्या दशकात. बजाजची साधी चेतक स्कूटर बंद झाली. २००७ मध्ये बजाजनं आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीज पिंपरी-चिंचवडमधून उठून चाकणला गेली, पाठोपाठ महिंद्राही आली. (आकुर्डीची गंमत अशी, की २०२२ पासून तिथं विजेवरची चेतक बनते. जागेला दुसरी नोकरी मिळाली म्हणायचं.) सगळा उद्योग नाशिक रस्त्यानं उत्तरेला निघाला होता. तेव्हा मी चाकणला गेलो यात माझं शौर्य फारसं नाही. आमची गिऱ्हाइकं माझ्या कितीतरी आधी तिकडं पोचली होती.

नोकरी का सोडली, असं विचारणाऱ्याला भांडणाची गोष्ट ऐकायची असते. माझं कोणाशी भांडण झालं नाही. पगार वेळेवर होत होता, दिवाळीला बोनस आणि मिठाईचा बॉक्स मिळत होता. मालकांचा मुलगा सूत्रं हातात घेऊन बसला होता आणि दर वर्षी मार्चमध्ये एक गोष्ट पुढं ढकलत होता: सीएमएम. भागाची तिन्ही दिशांनी मापं घेणारं हे यंत्र. मोठी गिऱ्हाइकं आता त्याचा रिपोर्ट लावल्याशिवाय सॅम्पल पास करत नव्हती, आणि आम्ही भाग रिक्षात घालून बाहेरच्या लॅबमध्ये मोजायला पाठवत होतो. हाइट गेज, डायल आणि सरफेस प्लेट यांच्यावर माझा हात चांगला होता. पण या कामाची किंमत दर वर्षी थोडी थोडी उतरताना मला दिसत होती. एके वर्षी सीएमएमचं ट्रेनिंग स्वतःच्या खर्चानं घेतो, फक्त रजा द्या, म्हणून अर्ज केला. त्यावर "सध्या लोड आहे" असा शेरा मारून तो परत आला. तो शेरा वाचला त्या दिवशी माझ्या मनानं नोकरी सोडली. शरीरानं सोडायला पुढं दोन दसरे गेले.

घरी सगळ्यात अवघड होते ते वडील. "लागलेली नोकरी कोणी सोडतं का रे?" हे त्यांचं एकच वाक्य, पण ते रोज जेवताना यायचं. बायकोचा सूर वेगळा होता. "तुम्हाला जायचं तर जा, पण हप्ता आणि पोरीचं दहावीचं वर्ष यांचं गणित मला कागदावर मांडून दाखवा." मांडून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी दुरुस्त करून परत दिलं.

नोटीस पिरियडमध्ये माणसं कशी बदलतात, यावर कोणीतरी खरं म्हणजे पुस्तक लिहायला हवं. काल खांद्यावर हात टाकणारा आज फाइल झाकून ठेवतो. ज्याच्याशी कधी धड बोललो नव्हतो असा डिस्पॅचचा माणूस चहाला थांबवून विचारतो, "साहेब, तिकडं आमच्यासारख्याचं काही होईल का?" मधे खंडेनवमी आली. यंत्रं पुसून, तेल देऊन, झेंडूच्या माळा घालून उभी होती. चार नंबरच्या प्रेसला मीच हळदकुंकू लावावं असा टूलरूमवाल्यांचा आग्रह पडला, कारण त्या प्रेसचं आणि माझं जुनं नातं. तिचा ठोका जरा बोदा वाजला की पुढच्या शंभरेक नगांत भागाला कडेला बर येणार, हे मला टेबलावर बसून कळायचं. सरफेस प्लेटचा डावा कोपरा कधीतरी पडझडीत उडालेला होता. तिथं भाग ठेवायचा नाही, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. इलेक्ट्रिशियनला कोणत्या वेळी हाक मारायची, स्टोअरमधून नवं गेज कसं काढायचं, कोणता ऑपरेटर थर्डला डुलक्या घेतो, हेही तसंच. बायोडाटात 'बावीस वर्षांचा अनुभव' असं छापतात ना, त्यातला निम्मा अनुभव हा असला असतो. त्या जागेची ती माहिती असते, आणि गेटपास परत केला की तिची किंमत शून्य होते.

फुल अँड फायनलबद्दल लोक कुजबुजत बोलतात, मी उघड बोलतो. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचं साधं सूत्र असं होतं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा ही रक्कम महिना २६,००० असेल, तर एका वर्षाचे १५,००० होतात आणि बावीस वर्षांचे ३,३०,०००. कमाल मर्यादा तेव्हा १० लाखांची होती, २०१८ मध्ये ती २० लाख झाली. पण आमच्यासारख्यांना मर्यादेची काळजी करायचं कारणच नव्हतं. खासगी कंपन्यांत तेव्हा मूळ पगार बारीक ठेवून बाकीची रक्कम भत्त्यांत घालत, आणि ग्रॅच्युइटी मोजताना ते भत्ते बाहेर राहत. दर करारात हातात किती येणार एवढंच बघून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. एवढ्या वर्षांचा चेक हातात आला तेव्हा या टाळ्यांचा अर्थ कळला.

चाकणला पहिल्या दिवशी इंडक्शन झालं. सेफ्टी शूज, हेल्मेट, आणीबाणीत कुठून बाहेर पडायचं त्याचा व्हिडिओ, आणि मग एचआरच्या मुलीनं सांगितलं, "सर, स्वतःची ओळख करून द्या आणि एक फन फॅक्ट सांगा." चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्याजवळ कर्जाचा फॅक्ट होता, फन सापडेना. ज्याला मी रिपोर्ट करणार होतो तो माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. तो म्हणाला, "मला नावानं हाक मारा, सर नको." नावानं हाक मारायला मला बरेच महिने लागले. तोवर मी त्याला हाक मारण्याची वेळच येणार नाही अशा बेतानं वाक्यं रचत होतो.

शॉपवरची माणसंही निराळी होती. भोसरीत आमच्या लाइनवर परमनंट माणसं जास्त आणि कंत्राटी तोंडी लावण्यापुरती. इथं उलटं. नांदेड-यवतमाळची पोरं, बिहार-उत्तर प्रदेशची पोरं, कोणी कंत्राटाचा, कोणी 'नीम' या सरकारी प्रशिक्षण योजनेतला ट्रेनी. "परमनंट कधी करणार?" हा प्रश्न त्यांच्या घरी कोणी विचारत नसावं, कारण उत्तर सगळ्यांनाच माहीत. कामाची रीतही निराळी, बल्ब गेला तरी पोर्टलवर तिकीट टाकायचं. पहिले सहा महिने मला वाटत होतं की आपल्याला इथं काहीच येत नाही. सीएमएम मात्र होती, एअर कंडिशन्ड खोलीत, आणि शिकायला कोणाची परवानगी लागत नव्हती. घरी जायची वेळ झाल्यावर ऑपरेटरशेजारी स्टूल घेऊन बसायचो.

मग एका अॅल्युमिनियमच्या हाउसिंगचं प्रकरण झालं. बोअरचं माप आमच्या रिपोर्टात बरोबर यायचं आणि गिऱ्हाइकाकडं तोच भाग लहान म्हणून रिजेक्ट व्हायचा. तेही सगळे भाग नाहीत, मोजकेच. प्रोग्रॅम तपासला, प्रोब बदलला, कॅलिब्रेशन झालं. मी एक भाग ट्रेमधून उचलला तर तो कोमट लागला. भाग वॉशिंग मशीनच्या गरम पाण्यातून निघाला की पोरं टार्गेटच्या घाईत तो तसाच मापाला चढवत होती. मापाचं तापमान जगभर २० अंश धरलेलं आहे. अॅल्युमिनियम एका अंशाला दर मीटरमागं साधारण २३ मायक्रॉन फुगतं, म्हणजे १०० मिलिमीटरच्या बोअरला दहा अंशांचा फरक पडला की २३ मायक्रॉन गेले. टॉलरन्स तेवढ्यातच संपतो. यंत्र खरं बोलत होतं, पण ते गरम भागाबद्दल बोलत होतं. भोसरीत आमच्याकडं एसी खोली नव्हती, म्हणून भाग सरफेस प्लेटशेजारी ठेवून निवू द्यायचे आणि मगच हात लावायचा, ही शिस्त जुन्या लोकांनी आम्हाला ओरडून ओरडून लावली होती. सोय नव्हती म्हणून लागलेली सवय सगळ्या सोयी असलेल्या ठिकाणी कामाला आली. अनुभवाचा जो दुसरा निम्मा भाग असतो, तो हा. तो आपल्याजवळ आहे हे जुन्या जागी कळत नाही, कारण तिथं तो सगळ्यांजवळच असतो.

त्यानंतर दिवस भरभर गेले. जीएसटी, १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ साठी वर्षभर चाललेली धावपळ, आणि ती तारीख यायच्या आठवडाभर आधी लागलेला लॉकडाउन. त्या काळात नोकरी टिकली ती माझ्या हुशारीनं टिकली असं मी म्हणणार नाही.

नोकरी सोडणाऱ्या माणसाच्या मनात एक छोटासा दुष्ट कोपरा असतो. आपल्यामागं जुनी कंपनी थोडी तरी बुडावी, असं त्याला वाटतं. माझी बुडाली नाही. छान चालू आहे. पुढं त्यांनी सीएमएमही घेतली, आणि ती चालवतो माझ्याच हाताखालचा मुलगा. वडील गेले तेव्हा त्या कंपनीची सेकंड शिफ्टची माणसं पाळीवर जायच्या आधी घरी येऊन गेली, मी सोडून दोन वर्षं झाली होती तरी. नव्या कंपनीतून ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं आली. पण आईच्या खुब्याच्या ऑपरेशनचं बिल नव्या कंपनीच्या मेडिक्लेमनं भरलं. जुन्या ठिकाणी पगार ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेल्यावर माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. हळहळायचं कोणत्या गोष्टीसाठी आणि कोणत्या गोष्टीचे आभार मानायचे, हे प्रत्येकानं आपापलं ठरवावं. रोज संध्याकाळी चाकणच्या चौकात तासभर अडकलो की मात्र मला भोसरीला सायकलवर जायचे दिवस आठवतात, हे खरं.

माझ्या विभागात आता जी मुलं आहेत ती दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. चुकतं ते पुढं. कंपनी बदलली की मोबाइलचा हप्ता फेडायला, नाहीतर गावाकडच्या लग्नाला, पीएफ काढून टाकतात आणि सोबत पेन्शनची रक्कमही. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात. तिथं पेन्शनला पात्र व्हायला दहा वर्षांची सेवा लागते. ती एकाच कंपनीतली असायची गरज नाही, सगळ्या कंपन्यांची मिळून चालते. पण मधे रक्कम काढली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा नोकरी जरूर बदला. फक्त जॉइन झाल्यावर पहिल्याच महिन्यात जुना पीएफ नव्या खात्यात ट्रान्सफरला टाका, यूएएन एकच ठेवा, आणि जुन्या कंपनीनं तुम्ही नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरली आहे का ते स्वतः बघा. भरली नसेल तर फोन करून भरून घ्या. चार महिन्यांनी तुमचा फोन तिथं कोणी उचलणार नाही.