समुद्रालाही बेणे राखावे लागते



गाळप हंगाम संपला, शेवटची मोळी गव्हाणीत पडली, की आम्हा शेतकी खात्याच्या मंडळींना थोडी उसंत मिळते. पुढे भाताची रोपे आणि आडसाली लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की मान वर करायची सोय नसते. यंदाच्या मे महिन्यात तेवढ्या उसंतीत घरच्या मंडळींना घेऊन चार दिवस समुद्रावर जाऊन आलो. त्यात सभासदांना सांगण्याजोगे काही हाती लागले, म्हणून हा लेख.

निमित्त झाले आईचे. आमचे घर वेहेरगावात, एकवीरा आईच्या डोंगराच्या पायथ्याशी. दर चैत्रात कोकणातून कोळी-आगरी मंडळी यात्रेला येतात, हे आपण मावळकर जाणतोच. अलिबागजवळच्या आक्षीचे एक कोळी कुटुंब कित्येक वर्षे आमच्या अंगणात उतरते. टेम्पोत भांडीकुंडी, अंथरुणे, पोरेबाळे आणि आईसाठी सुकटीची पिशवी. यंदा निघताना त्यांच्यातली मावशी आईला म्हणाली, "आक्का, आम्ही दरसाल तुझ्या अंगणात. तू आमच्या दारात कधी येणार?"

आईचे वय ७४. नागफणीच्या कड्यावरून खालचे कोकण तिने जन्मभर पाहिले, पण समुद्र एकदाही पाहिला नव्हता. इतकी वर्षे आपण तिला नेले नाही, याची मलाच लाज वाटली.

मेव्हण्याची शाळेची मिनीबस सुट्टीत उभीच होती. मागची बाके काढून गाद्या टाकल्या, स्टोव्ह, पातेली, पाण्याची टाकी चढवली. चाकांवरच्या अशा घराला कॅरॅव्हॅन म्हणतात आणि महाराष्ट्र सरकारने २०२१ साली त्या पर्यटनाचे धोरणही आणले. पण जत्रेला जाणारी छपराची बैलगाडी तरी दुसरे काय होती? भेट म्हणून घरचा इंद्रायणी तांदूळ आणि गुळाची ढेप घेतली. बोर घाट उतरून खोपोली, पेण, वडखळ करत दुपारी अलिबाग गाठले. ही वाट आजची नाही. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांत थेट सोपारा बंदरचा माणूस आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही समुद्रकाठची माणसे आपल्याकडे येतच होती.

आक्षीच्या खाडीला लागून साखर नावाचे कोळ्यांचे गाव आहे. पाटी वाचून धाकटा ओरडला, "बाबा, इथेही साखर?" म्हटले, नावच आहे रे, उसाचे एक टिपरू नाही.

आई पाण्यात घोट्यापर्यंत गेली, हात जोडले, ओंजळीतले पाणी जिभेला लावले आणि म्हणाली, "अगं बाई, एवढं पाणी, आणि एका वाफ्याच्याही कामाचं नाही!" मग अंधार पडेपर्यंत तिथून हलली नाही.

मावशीच्या मालकांनी आम्हाला भरतीचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे ओहोटी सव्वाआठच्या सुमारास. त्या हिशेबाने सकाळी निघून कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन आलो. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला ओढ मोठी, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ओढ कमी, तो भांग. आपली पाण्याची पाळी पाटकरी ठरवतो, त्यांची चंद्र ठरवतो.

त्यांचे डोल जाळेही याच ओढीवर चालते. शंकूसारखे लांब जाळे समुद्रात पक्के बांधून तोंड प्रवाहाकडे ठेवायचे. पाणी आरपार जाते, बोंबील-जवळा शेवटच्या बारीक डोळ्यांच्या भागात अडकतो. बोट किनाऱ्याला लागली की धावपळ सुरू. मासळीवर वेळेत बर्फ पडला नाही तर भाव पडतो. उरलेले बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने दोरीवर वाळत घालतात. आपला ऊसही तुटल्यापासून २४ तासांत गाळला गेला पाहिजे. फडात पडून राहिला की वजनही घटते आणि उताराही. नाशवंत माल पिकवणाऱ्याला थांबून चालत नाही, ही दोघांची एकच अडचण.

मुलांनी खाडीवर गळ टाकून दोन दिवस काढले. अखेर थोरलीच्या गळाला बोटभर मासा लागला. आजोबांनी तो अलगद सोडवून पाण्यात टाकला आणि म्हणाले, "पोरी, बेणं खायचं नसतं."

त्याच संध्याकाळी एका पाटीत तळहाताएवढी पापलेटे दिसली. खिशात सरी मोजायची टेप होती. मोजले तर १२० मिलिमीटर. पापलेट हा २०२३ पासून आपला राज्य मासा आहे. त्याच वर्षी शासनाने ५४ जातींच्या मासळीला धरण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाला १३५, बोंबिलाला १८० मिलिमीटर. अंगावर येईपर्यंत, एकदा तरी अंडी घालीपर्यंत मासा राहावा, हा हेतू. पावसाळ्यात यांत्रिक बोटींना बंदी असते ती त्यासाठीच.

मी टेप गुंडाळली तशी पाटीवाली बाई म्हणाली, "दादा, मोजून काय दाखवतोस? आम्हाला कळत नाही का? पण मी सोडला आणि शेजारच्या बोटीने धरला, तर माझ्या सोडण्याचं काय?"

मला उत्तर देता आले नाही. कारण हेच वाक्य मी दर हंगामात आपल्या बांधावर ऐकतो. "साहेब, शेजाऱ्याने दहा महिन्यांचा ऊस बाहेर घातला, पैसे घेतले. मीच का थांबू?" कोवळा ऊस तुटला की उतारा पडतो, आणि तो सगळ्यांचा मिळून पडतो. चांगला बेणेमळा गाळपाला गेला की पुढल्या लागणीला रोगट बेणे शोधत फिरावे लागते. एकट्याने राखून भागत नाही आणि एकाने मोडले तरी सगळ्यांना भोवते, म्हणून तर आपल्या वाडवडिलांनी सहकार उभा केला. कोळीबांधव यात आपल्या पुढे होते. मच्छीमारांची पहिली सहकारी संस्था १९१३ साली निघाली, तीही कोकणातल्या कर्ला नावाच्या गावी. प्रवरानगरचा कारखाना त्यानंतर सुमारे चार दशकांनी आला.

तेव्हा येत्या लागणीसाठी गटागटाने बेणेमळे राखा, तीन वर्षांनी बेणे बदला आणि पक्वतेच्या नोंदीप्रमाणेच तोड घ्या. नोंदीत अन्याय वाटला तर गट कार्यालयात येऊन भांडा, मी हजर आहे. पण कोवळा ऊस तोडू नका.

आणि घरात समुद्र न पाहिलेले म्हातारे माणूस असेल, तर पुढल्या हंगामाची वाट पाहू नका. निघताना आई मावशीला म्हणाली, "चैत्रात लवकर ये गं. आता मलाही तुझ्या घरचं सांगायला आहे."

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी