हत्यारं विकायला काढताना

गाव कायमचं सोडायचं ठरलं की घरातल्या सुतारकामाच्या हत्यारांचा विचार सगळ्यात शेवटी होतो आणि ती भंगाराच्या भावात जातात. महिनाभर आधी सुरुवात केली तर हे टळतं.

अमेरिकेला जाणार असाल, तर वायरची यंत्रं इथेच विका. आपल्याकडे वीजदाब २३० व्होल्ट, तिथल्या घरांत १२०. इथलं ड्रिल किंवा ग्राइंडर तिथे नुसतं लावून चालत नाही. गिऱ्हाइकासमोर यंत्र चालवून दाखवा.

रंधे, पटाश्या, करवती यांची गोष्ट निराळी. धार लावून लावून पटाशी आखूड झाली तरी पोलाद चांगलं असेल तर जाणकार सुतार ती आनंदाने घेतो. गंजलेलं पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवावं, सकाळी घासून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावं, पूर्ण कोरडं करून तेलाचा हात फिरवावा. पण जुन्या लोखंडाला चकाकी आणण्याच्या नादात ‘शेफिल्ड’सारखा ठसा घासून काढू नका, संग्राहक तोच ठसा बघून पैसे मोजतो.

एकगठ्ठा विकलं तर सुटका लवकर होते, मात्र दोन-चार उत्तम वस्तूंचं मोल त्यात बुडतं. त्या सुट्या विका. पुण्याच्या जुन्या बाजारात उरलेली हत्यारं नेता येतील, पण तिथला व्यापारी पुढे विकण्यासाठी घेतो, तो भाव पाडूनच मागणार. मला विचाराल तर थोडे कमी घेऊन नवशिक्या सुताराला द्यावीत; त्याच्याकडे ती रोज कामाला येतील. देताना धारेवर जाड पुठ्ठा बांधा.