दिसतं तसं नसतं... लेटरहेडवरसुद्धा!

आम्ही नगरचे. बोलताना पूर्ण नाव घेतोय कोण? त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, तेव्हा वाटलं, आपल्याला काय फरक पडतो! फरक पडला तो सोमवारी सकाळी. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआर सांभाळते. बॉस म्हणाले, ‘‘सगळ्या टेम्प्लेट्समधला पत्ता बदलून टाक.’’

ऑफर लेटर, पगाराचा दाखला, अनुभवाचं पत्र... मी बिनधास्त ‘रिप्लेस ऑल’ मारलं आणि चहाला गेले. परत येऊन बघते तर अहमदनगर कॉलेजमधून पदवी घेतलेला आमचा इंजिनिअर ‘अहिल्यानगर कॉलेज’चा झालेला! १९४७ सालच्या कॉलेजचं मी एका क्लिकमध्ये बारसं करून टाकलं होतं. उलट मराठी पत्रांत जुनं नाव जिथल्या तिथे. ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. डोळ्यांना ‘अ’ दिसतो, आत कोड भलत्याच इंग्रजी अक्षराचा! लेटरहेडवरचा पत्ता तर लोगोच्या चित्रातच चिकटलेला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ-नाइन दाबा, पत्राचा एक्स-रे निघतो. महिरपी कंसांतली फील्ड्स दिसू लागतात. श्री. की श्रीमती, कायम की कंत्राटी, सगळ्यासाठी मी ‘इफ’ची फील्ड्स लिहिली, एकात एक घातली. एक्सेलमधून येणारी तारीख अमेरिकन थाटात महिना आधी दाखवत होती, तिलाही कोड लावला. सॉलिड वाटलं! आणि बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर गेले.

परतले तेव्हा वर्कशॉपमधले एक काका फाइल घेऊन उभे. घरासाठी कर्ज हवं होतं. बँकेने दाखला परत पाठवलेला, कारण रुजू झाल्याच्या तारखेत महिना होता शून्य-शून्य. काका शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, महिने बाराच असतात ना?’’

चूक माझीच. वर्डच्या तारखेत मोठा ‘एम’ म्हणजे महिना, छोटा ‘एम’ म्हणजे मिनिटं. मी छोटा टाकला होता. सहकाऱ्याला चूक दिसलीही होती. पण ते कंसांचं जंगल बघून हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. काकांचा अर्धा दिवस बँकेत गेला, तो वेगळाच.

ही ओढाताण जुनी आहे म्हणा. १९७४ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ‘ब्राव्हो’ आलं: स्क्रीनवर दिसेल तेच कागदावर. १९७८ मध्ये डोनाल्ड नूथ यांनी ‘टेक’ आणलं: आधी आज्ञा लिहा, रूप नंतर बघा. आज ओव्हरलीफसारख्या टूलमध्ये कोड आणि व्हिज्युअल, दोन्ही मोड मिळतात. पण कुठे काय वापरायचं, हे ठरवावं आपल्यालाच लागतं.

माझा आताचा फंडा असा:

रूप डोळ्यांनी. फॉन्ट, मार्जिन, टेबल हातानेच लावा. दिसतंय ते कुणालाही सुधारता येतं.

बदलणारं तेवढंच फील्डमध्ये. नाव, हुद्दा, पगार, तारीख. ऑफिसचा पत्ता एकाच जागी ठेवा. जन्मगाव, कॉलेज हा माणसाचा इतिहास, त्याला हात लावू नका.

डोकं एक्सेलमध्ये. श्री. की श्रीमती हे पत्रातल्या छुप्या कोडमध्ये नको, उघड्या कॉलममध्ये ठेवा. चूक तिथे चटकन दिसते.

आणि शेवटची परीक्षा: तुम्ही नसताना शेजारच्या टेबलवरच्या माणसाला एक पत्र बिनचूक काढता आलं पाहिजे.

काकांना नवा दाखला त्याच दिवशी दिला. पुढच्या सुट्टीत ऑफिसमधून एकही फोन आला नाही. टेम्प्लेट जमल्याचं याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं?