पाते, दांडा आणि दंतकथा

राजूरच्या परिसरात भाताच्या राबासाठी झाडांच्या फांद्या कोयत्याने तोडतात. हात पोचत नाही तेथे लांब काठीच्या टोकाला विळा बांधून शेळ्यांसाठी पाला पाडतात. पाते तेच, फक्त दांडा लांब. चीनमधील ‘ग्वानदाव’ हे शस्त्रही याच कल्पनेवर उभे आहे. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला रुंद, वक्र, एका बाजूने धार असलेले पाते, अशी त्याची रचना असते.

लांब दांड्याने काय साधते? समजा, खांद्यापासून पात्यापर्यंतचे अंतर आपण १ मीटरवरून २ मीटर केले. कोनीय वेग तोच राखला तर पात्याचा वेग दुप्पट आणि गतिज ऊर्जा चौपट होते. पण ही ऊर्जा फुकट मिळत नाही. पात्याचे जडत्व आघूर्ण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून कार्यही चौपट करावे लागते. दांडा मात्र दोन्ही हातांनी, हातांत अंतर ठेवून धरता येतो आणि त्यामुळे जास्त जोर लावता येतो. शत्रू दूर राहतो, घोडेस्वारापर्यंतही पोचता येते. तोटा एवढाच, की घाव चुकला तर पाते आवरणे कठीण!

या शस्त्राचा जनक कोण? दंतकथा म्हणते, इ.स. २२० मध्ये मारला गेलेला सेनापती ग्वान यू. त्याचे शस्त्र ८२ जिन वजनाचे होते, असे तीन राज्यांवरील प्रसिद्ध कादंबरी सांगते. ‘जिन’ हे चिनी वजनाचे एकक. हान काळातील जिन सुमारे २२० ग्रॅमचा धरला तर वजन १८ किलो भरते, म्हणजे पाण्याने भरलेली मोठी बादलीच. मिंग काळातील सुमारे ५९० ग्रॅमचा धरला तर ते ४८ किलो होते! चेन शौ याने तिसऱ्या शतकातच लिहिलेल्या इतिहासात वेगळेच दिसते. इ.स. २०० च्या लढाईत ग्वान यूने यान ल्यांगला ‘भोसकले’, असे तो लिहितो. भोसकणे हे मुख्यतः भाल्याचे काम. चंद्रकोरीच्या आकाराच्या अशा पात्याची नोंद आढळते ती सोंग काळात, १०४४ साली पूर्ण झालेल्या ‘वूजिंग झोंग्याव’ या लष्करी ग्रंथात, म्हणजे आठशेहून अधिक वर्षांनंतर.

मग अतिशय जड ग्वानदाव खोटे का? तसे नाही. चिंग राजवटीत लष्करी परीक्षेत उमेदवाराची ताकद जोखण्यासाठी ८०, १०० आणि १२० जिनांचे ग्वानदाव उचलायला देत. ते परीक्षेचे साधन होते, लढाईचे नव्हे.

रतनगडावर किंवा एखाद्या संग्रहालयात सहल गेली की ‘ही तलवार इतक्या मणांची’ असे मुलांच्या कानावर पडते. तेथे तीन प्रश्न विचारायला शिकवावे: एकक कोणत्या काळातले? नोंद घटनेनंतर किती वर्षांनी झाली? वस्तू वापरण्याची की दाखवण्याची? वर्गात घरचा कोयता वजन करून त्याच वजनाची पाण्याची बाटली आधी हाताजवळ, मग काठीच्या टोकाला बांधून मुलांना धरायला द्यावी. वीरांविषयीचा आदर याने कमी होत नाही. पुराव्याविषयीचा मात्र वाढतो.